सहाव्या खेळीची वजिरावजिरी

कळंबच्या कापूस संकलन केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. त्या सक्तीच्या विसाव्यातच तांड्यावरच्या डोंगरसिंगांनी बुद्धिबळ आत्मसात केले. रांगेचा दंडक असा, की ज्याचा वजीर पडला तो हरला. दोघांचे पडले तर बरोबरी. पट लगेच पुढच्या जोडीला द्यायचा. हीच सवय तालुकाभर रुळली; त्यामुळे वजिरानंतरचा खेळ तिथे कोणी पाहिलाच नव्हता.

२००४च्या हंगामात एकदा दोन्ही वजीर पडले, प्रतिस्पर्धी उठून गेला, आणि पुढची जोडी नेमकी चहाला गेली होती. डोंगरसिंग उरलेले सैन्य दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत राहिले. त्या तन्मयतेत त्यांना जणू साक्षात्कार झाला: वजिरांचा कोलाहल शमला, की प्याद्यांची रचना बोलू लागते.

पुढल्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्यात समोर होते निवृत्त शिक्षक पुंडलिकराव. वजिराच्या झंझावाती आक्रमणाने त्यांनी डोंगरसिंगांना सलग तीन वर्षे नमवले होते. विजेता जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी यवतमाळला जाणार. तांड्यावरून तिथवर आजपर्यंत कोणीही पोचले नव्हते.

चौथ्याच खेळीला डोंगरसिंगांनी उंट देऊन घोडा घेतला. शेजारी उकिडवा बसलेला त्यांचा चुलतभाऊ खेमसिंग कळवळला, "काहून भाऊ, उंट खिरापतीसारखा वाटून राह्यला?"

"वाटू द्या हो," पुंडलिकराव हसले आणि प्याद्याने उंट मारला. त्यांची दोन प्यादी एकाच रांगेत एकामागे एक अडकली.

डोंगरसिंगांनी मनातल्या मनात प्यादी मोजली. वजीर बदलायचा तो भयाने नव्हे. बदलल्यावर पटावर काय उरते, ते पाहून. इकडे राजाच्या बाजूला आपली चार प्यादी, त्यांची तीन. तिकडे त्यांची चार, पण त्यांतली दोन एकामागे एक खोळंबलेली. आक्रमणाचे शस्त्रच नाहीसे झाले, तर हे व्यंग उघडे पडणार! सहाव्या खेळीला त्यांनी वजीर थेट वजिरासमोर नेऊन ठेवला. पुंडलिकरावांनी तो उचलला, डोंगरसिंगांच्या घोड्याने त्यांचा वजीर घेतला.

बघे सवयीने धोतरे झटकत उठले. पुंडलिकरावांनीही हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. "बरोबरी ना?"

"बरोबरी कायले, गुरुजी? डाव तं आता सुरू झाला!"

उठलेले सारे पुन्हा बसले. पुंडलिकरावांचा हात क्षणभर अधांतरी राहिला; मग हनुवटीखाली गेला. स्पर्धेच्या नियमात डोंगरसिंगांचेच बरोबर होते.

दीड तास कुणाला तहान आठवली नाही. राजा, जो एरवी कोपऱ्यात दडे, तो डोंगरसिंगांनी निर्भयपणे पटाच्या मध्यभागी आणला. चार प्यादी एकमेकांना सांभाळत सरकली. त्यांतले एक मोकळे सुटले.

"चाल रे, चाल!" खेमसिंग ओरडला. पंचांनी डोळे वटारले.

प्यादे शेवटच्या घरापासून एकच पाऊल दूर असताना पुंडलिकरावांनी सारा पट निरखला आणि आपला राजा हलकेच आडवा केला.

"वजिरानंतरचं हे मला शिकवाल?" त्यांनी विचारले.

"शिकवतो ना, गुरुजी," डोंगरसिंग उठले; आनंदाने पाय स्थिर राहत नव्हते. "पण आधी हे सांगा, यवतमाळची पयली एसटी किती वाजता?"