वास पोचला त्याला वाटा

नागावला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. हिवाळ्यात आम्ही पोपटी लावतो, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजतो. वास ज्याच्या घरी पोचला त्याला वाटा द्यायचा, ही आमची रीत.

बुकिंग आम्ही एकाच अ‍ॅपवर घेतो. एकदा दुसऱ्याच बुकिंग कंपनीतून फोन आला. आमच्या अ‍ॅपवर आमच्याकडे कधी गर्दी असते, पाहुणे पोपटीचं कसं विचारतात, सगळं फोनवरच्या बाईने घडाघडा सांगितलं. मी थक्क!

मुलीने माझा मोबाइल तपासला. "बाबा, नेट वाचवायला घेतलेलं हे फुकटचं अ‍ॅप त्यांचंच आहे. बाकीच्या अ‍ॅपमधलं सगळं त्यांना कळवतं."

मोबाइलवर अ‍ॅपचं एवढंसं चित्र, आणि केवढं ते नाक! मला चिडायचंही सुचेना.

बायको मात्र भडकली, "वास तर घेतला मेल्यांनी. आता शेंगा पाठवायच्या कुठे?"