नाल्याच्या अलीकडे

"हिला इंग्रजी येतं, सरकार," कारकून म्हणाला.

सरदारांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिला? बोल बघू काहीतरी."

शिकारीला आलेले पाहुणे गढीच्या ओसरीवर चहा पीत होते. मी अंगणात, अनवाणी. नाशिकच्या मिशनच्या शाळेत रोज म्हणायची ती प्रार्थना मी म्हटली. दुसरं काही सुचलंच नाही. पाहुणे हसले. एकाने टाळ्या वाजवल्या.

"आमच्या जंगलातली मैना," सरदार म्हणाले आणि एक बिस्कीट माझ्यापुढे टाकलं. मी ते उचललं. का, ते अजून सांगता येत नाही.

त्या वेळी माझा बा नाल्यापलीकडे मांडीत गोळी घेऊन पडला होता.

आमच्या पाड्याजवळ नाला आहे. अलीकडे सरदारांची जहागीर, पलीकडे खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. जहागिरीत कुणाला मारलं की सरदारांची माणसं त्याला पलीकडे नेऊन टाकत. खालशाचे पोलीस म्हणत, हा तुमचा, आणि परत आणून टाकत. लहानपणी एका गुराख्याचं प्रेत मी तीन वेळा नाला ओलांडताना पाहिलं आहे.

बा सकाळी हाक्याला गेला होता, वेठीने. जनावर उठवायला झाडीत डबा बडवत होता. पाहुण्याची गोळी लागली. मग त्यालाही पलीकडे नेलं. आता खालशातल्या इंग्रज साहेबाला दाखवायला कागद हवा होता.

"लिही," सरदार म्हणाले. "हा इसम खालशाच्या जंगलात लाकूड चोरताना कुणाच्या तरी गोळीने जखमी झाला. लिहिलंस की गाडी जोडतो. ने बापाला नाशिकच्या दवाखान्यात."

दौत जमिनीवर ठेवली होती. मी मातीत बसून लिहिलं. वळणदार. त्याच अक्षराला शाळेत बक्षीस मिळालं होतं. खाली सरदारांचा शिक्का. माझं नाव कुठेच नाही. त्याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

गाडीत बाने विचारलं, "काय लिवलंस?"

मी सांगितलं.

"मी चोर नाय, पोरी."

एवढंच. तो वाचला, लंगडा झाला. पाड्यातल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. शाळेतल्या मुलींना माझा पाडा ठाऊक नव्हता, आणि पाड्याला मी नको होते. सुट्टीत घरी आले की बा ताट पुढे सरकवायचा आणि बाहेर जाऊन बसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात सोमी मेली. आई गेल्यावर मला न्हाऊमाखू घालणारी सोमी. अंगात ताप होता म्हणून वेठीला गेली नाही. सरदारांच्या शिपायांनी तिच्याच दारात तिला मारलं. सगळ्या पाड्याने पाहिलं. मीही. मग तिला पलीकडे नेलं.

मला बोलावणं आलं. तीच दौत, तीच जमीन. मी बसले नाही.

"मी लिहिणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की कारकुनाने "काय?" म्हणून विचारलं. मी पुन्हा म्हटलं.

"दोन ओळी तर आहेत, बाई," तो कुजबुजला.

"चार बुकं शिकली, राणी झाली!" सरदार हसले. "बापाचा दुसरा पाय अजून शाबूत आहे ना गं?"

मी घरी जाऊन ते बाला सांगितलं. त्याने काठी घेतली आणि वर्षभराने पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. "तू खरं ते लिव. माझ्या पायाचं मी बघीन."

वहीची पानं फाडून मी साहेबाला इंग्रजीत लिहिलं. सोमीला कुठे मारलं, कुणी मारलं, कुणी उचलून नेलं. गेल्या वर्षीचा कागद माझ्या हातचा आहे आणि खोटा आहे. माझा बाप चोर नाही. खाली माझं पूर्ण नाव.

आता मला जहागिरीत पाऊल टाकता येत नाही. बा तिथेच आहे. मी नाशिकला एका खोलीत राहते, मुलींना अक्षर शिकवते. साहेबाचं उत्तर आलेलं नाही. दर महिन्याला मी नवा कागद लिहिते, नाव घालते, नेऊन देते. कचेरीतला शिपाई आता मला बघून तोंड फिरवतो.

फिरवू दे. सोमी नाल्याच्या अलीकडे मेली. पुढच्या महिन्यातही मी हेच लिहिणार आहे.