गॅफनीबाईंचं कुरण

फेलिम गिलरेनचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. वजनासाठी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत भरलेलं पाणी गळत नाही ना, हे तो अंधारात बोटांनी चाचपायचा. मग चहा. रविवारीही पाचच.

तो शेतकामं घेणाऱ्या एका ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि त्याचाच दुसरा मी. दोन्ही ट्रॅक्टर मागच्या दोन चाकांवरच ओढणारे. आयर्लंडमधल्या आमच्या लीट्रिमची जमीन म्हणजे वर गवत, खाली चिकणमाती. साबणावर चालल्यासारखं. तरी फेलिम कधी रुतला नव्हता. मला त्यानेच शिकवलं होतं, "चाक जागच्या जागी फिरलं की पेडलवरून पाय वर. एक फेराही जास्त नको. मागे जोडलेला टँकर सोड, आणि रिकामा ट्रॅक्टर आल्या वाटेने मागे घे."

गावातल्या कॉन गॅलॉग्लीने चारही चाकांवर ओढणारा ट्रॅक्टर आणला, तेव्हा फेलिम पबमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्याला घोड्यावर बसता येत नाही, त्याने घोड्याला सहा पाय लावावेत." कॉनने ते लक्षात ठेवलं.

गॅफनीबाई म्हणजे मायलो गॅफनीची विधवा. चार गायी, आणि चर्चच्या रस्त्याला लागून एकच कुरण. वर्षाचा चारा त्यावर. गोठ्याचा शेणखड्डा भरून वाहायला आला होता. त्यातला पातळ शेणकाला टँकरने कुरणावर खत म्हणून टाकायचं काम फेलिमकडे होतं, पण आठवडाभर पाऊस.

"जरा सुकू दे, फेलिम," बाई शनिवारी म्हणाल्या. "उद्या रविवार, उद्या तर नकोच. आणि खालच्या अंगाला जाऊ नकोस. तिथे आमच्या मायलोने पाणी निचरायला जमिनीखाली दगडी चर घातलाय."

"बाई, मी कधी रुतलोय का?"

रविवारी शेतकाम करायचं नाही, हा चर्चचा नियम. पावसात भिजणारं गवत उचललं तर आमचे पाद्री काणाडोळा करतात. शेणकाल्याला ती सवलत नाही. फेलिमने हिशेब केला : सकाळची पहिली प्रार्थना गाठायची, आणि दुसरी सुटायच्या आत काम उरकायचं. बाईही दुसऱ्या प्रार्थनेला असतील.

शेवटच्या खेपेला तो खालच्या अंगाला गेला आणि चाक घसरलं. नेमका तेव्हाच चर्चचा दरवाजा उघडला.

त्या गर्दीत मी होतो. सगळे रस्त्याकडच्या बुटक्या भिंतीशी थांबले. फेलिमने आमच्याकडे पाहिलं. त्याने पाय वर घ्यायला हवा होता. त्याने दाबला. दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारं पेडलही दाबलं. चिखल उडून लोकांच्या ठेवणीतल्या कोटांवर आला. ट्रॅक्टर आसापर्यंत खाली गेला. मग खालून दगड फुटल्याचा आवाज आला.

"काय रे फेलिम," कॉन भिंतीवरून ओरडला, "घोडा बसला वाटतं. सहा पाय घेऊन येऊ का?"

लोक हसले. मीही हसलो. गॅफनीबाई हसल्या नाहीत. त्या फाटकातून आत गेल्या. चाकांच्या खड्ड्यातून पाणी वर येत होतं.

फेलिम उतरला. टोपी काढून हातात धरली. "बाई, मी..."

"तो चर मायलोने दोन हिवाळे कुदळीने खणला होता," बाई म्हणाल्या. "आधी ते धूड बाहेर काढ."

कॉनने रविवारच्या सुटातच ट्रॅक्टर आणून त्याला ओढून काढलं.

चर फुटल्याने पाणी साचून पुढच्या उन्हाळ्यात त्या कुरणात लव्हाळा माजला. चारा निम्मा झाला आणि बाईंनी दोन गायी विकल्या. फेलिमला कोणी काही बोललं नाही. ते त्याला जास्त लागलं असावं. चर्चमध्ये तो दाराशी उभा राहू लागला. कामावर जाताना लांबच्या रस्त्याने जायचा.

"जवळचा रस्ता खराब झालाय का?" मी एकदा विचारलं.

"नाही. तिथून दिसतं ते."

पुढे मात्र कामावरून सुटल्यावर तो कुदळ घेऊन त्याच कुरणात चर खणायला जाऊ लागला. हातभर खणलं की पाण्याने भरायचं. चर खणणं म्हणजे काय कष्ट असतात, ते मी त्याच्या हातांवर पाहिलं. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे कर, फेलिम. एका माणसाचं काम नाही आता हे."

स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून तो कित्येक वर्षं पगारातून पैसे मागे टाकत होता. पुढच्या वसंतात त्या पैशांतून खणायचं यंत्र, पाइप आणि खडी आली. फेलिम शेवटपर्यंत ठेकेदाराचाच ट्रॅक्टर चालवत राहिला. गॅफनीबाईंच्या कुरणाखाली आता त्याच्या पगाराचा चर आहे.