झोपलेले थेंब

वर्षा राठोड सहा वर्षांपासून माझ्या मागच्या खोलीत राहते. मूळची उमरखेडकडच्या तांड्यावरची. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. पोटरीवर कोयत्याचा वण आहे. आता यवतमाळातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. नवी निघेपर्यंत तिला जेवण जात नाही.

तिचा नियम एकच: काचनळी साबणाने घासली की सात पाण्यांनी विसळायची.

यंदा नयन नावाच्या संशोधक मुलीने रत्नागिरीहून समुद्रातला गाळ आणला. त्यातले काही जिवाणू साबणासारखं द्रव्य तयार करतात, त्याने तेल आणि पाणी एकजीव होतं, असं वर्षानेच मला समजावलं. पारख सोपी. अकरा नळ्यांत अकरा जातींचे जिवाणू पाण्यात वाढवायचे आणि प्रत्येकीतला थेंब तेलकट काचेवर ठेवायचा. द्रव्य नसेल तर तो मण्यासारखा बसून राहतो, असेल तर पसरतो. वर्षा म्हणायची, झोपतो.

एकोणीस मेला, शुक्रवारी, ती भरदुपारीच घरी आली आणि दारात उभी राहिली. हातात पेढा होता, उन्हाने मऊ झालेला.

"काकू, वही काढा बरं. सोमवारी नळ आल्ता का?"

नळाचे दिवस मी रोजनिशीत लिहिते. "नाही. चौदावा दिवस होता. का गं?"

"अकराच्या अकरा थेंब झोपले. नयनताई पेढे वाटून राह्यली. उद्या अहवाल जाते."

"मग चांगलंच झालं."

"कायचं चांगलं. सोमवारी कॉलेजातही पाणी नव्हतं. म्या तीन पाण्यांत उरकलं. तो समुद्राचा साबण नाही काकू, माह्या पावडरचा हाय."

"बिनजिवाणूची एक नळी ठेवतात ना ताडून पाहायला?"

"तिचा थेंब बसला. पण ते नव्या खोक्यातली होती, म्या धुतलीच नव्हती." ती खाली बसली. "सोमवारच्या धुण्यातली एक नळी उरली होती. कोणी नसताना तिच्यात साधं पाणी टाकून पाह्यलं. थेंब झोपला. मले लय भेव वाटून राह्यलं. सांगितलं तर ऑर्डर गेली. नाही सांगितलं तर उद्या त्या पोरीचं नाव जाते."

भीती मलाही वाटली. ती तांड्यावर परतली तर या घरात माझ्याशी बोलणारं कोणी नाही. तरी मी लुगडं बदललं, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन ऑटोत ठेवले आणि तिच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले.

वर्षाने खाली पाहत नयनला सगळं सांगितलं. नयनने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं.

"किती पाणी लागेल?"

"सात," वर्षा म्हणाली.

माझ्या पाण्याने वर्षाने त्या अकरा नळ्या पुन्हा धुतल्या. मी मोरीशेजारी स्टुलावर बसून प्रत्येक पाण्याला वहीत एक रेघ मारत गेले. सत्त्याहत्तर रेघा झाल्या.

नयनने त्यांत जिवाणू पुन्हा वाढवले. बुधवारी दहा थेंब बसले. एक झोपला.

"वर्षाबाई, ही नळी?" नयनने विचारलं.

"सात पाण्यांची. काकूच्या वहीत हाय."

नयनने वही मागवून घेतली आणि त्या रेघा स्वतः दोनदा मोजल्या. अहवाल आता त्या एका थेंबाचा जाणार आहे. पहिल्या अकरांचं काय झालं, तेही त्यात लिहावं लागेल, असं ती म्हणाली.

ऑर्डर जूनमध्ये निघायची असते. अजून निघालेली नाही. आज वर्षाने अर्धी भाकर ताटातच ठेवली.