पाळीवरून मागं येणारी

रक्तात साखर निघाली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. वडशाहून एसटीने अर्ध्या तासावरच्या एका गावात शाळेवर होते. नवरा नागपूरला नोकरीत, पंधरा दिवसांनी यायचा. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी कागद पाहून विचारलं, "घरात आणखी कोणाला?" थोरल्या बहिणीला, म्हटलं. तिचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला, हेही सांगितलं. ते म्हणाले, रोज सकाळी पाऊण तास झपझप चाला, तीन महिन्यांनी या, मग सुईचं बघू. परतीच्या एसटीत मी सारा वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत होते. भीती वाटली, चांगलीच वाटली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चारच. गावाबाहेर मोठा तलाव होता, त्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, टोकापर्यंत जाऊन परत यायला बरोबर पाऊण तास लागे. अडचण चालण्याची नव्हती, उत्तर देण्याची होती. आमच्याकडे वाटेत भेटलेला माणूस विचारणारच, "बाई, कुठी चालल्या?" आणि त्याला एखाद्या गावाचं, शेताचं, निदान नातेवाइकाचं नाव ऐकायचं असतं.

"कुठी नाई, फिराले," मी म्हणायची.

समोरचा थांबायचा, माझ्या रिकाम्या हातांकडे बघायचा आणि "बरं बरं" करत सटकायचा. पाळीवरून जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे विळा, भारा, घागर, काहीतरी असायचं. मीच तेवढी रिकामी. पाचव्या दिवशी मला स्वतःचाच राग आला आणि पांघरूण ओढून पडून राहिले. सहाव्या दिवशी बहिणीची आठवण झाली, म्हणून उठले. पाळीच्या मध्यावर दम लागायचा. तिथं थांबून मी पाण्याकडे बघत बसायची.

त्याच आठवड्यात ती मागं दिसली.

पन्नाशीची, सडपातळ, डोक्यावर मासोळ्यांची टोपली. तलावात मासे धरणाऱ्या घरांपैकी एका घरची होती, एवढं ठाऊक होतं. पन्नासेक पावलांवरून यायची. मी थांबले की तीही थांबायची आणि वाकून गवतात काहीतरी शोधल्यासारखं करायची. टोपली रिकामी असायची, हे मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं.

आता माझा स्वभाव असा की एखादा प्रश्न पडला की घास उतरत नाही. मी पाय उचलले, तिनंही उचलले. मी रेंगाळले, ती रेंगाळली. अर्धा तास आधी निघून पाहिलं, तर ती पाळीच्या तोंडाशी बसून दात घासत होती. गावात रात्रभर नाटक झालं, त्या सकाळी सारं गाव घोरत होतं, कुत्रीसुद्धा. म्हटलं, आज नसेल. होती. नवऱ्यानं लक्ष ठेवायला तर सांगितलं नाही ना, असा संशय आला. तो आल्यावर विचारलंही. तो म्हणाला, "तुझ्यावर लक्ष ठेवायचं म्हणजे दोन माणसं लागतील."

गंमत म्हणजे त्या दिवसांत मला उठवावं लागलं नाही. अंग मोडून आलं असो, कडाक्याची थंडी असो, आज ती येते का हे बघायला मी उडी मारून उठायची. आणि तिला मागं टाकायच्या नादात असं चालायची की घामाघूम होऊन परतायची. भीतीनं मला चार दिवस चालवलं होतं, या कोड्यानं तीन महिने.

तीन महिन्यांनी साखर खाली आलेली निघाली. डॉक्टर खूश, मी त्याहून खूश. दुसऱ्या दिवशी पाळीवर एकदम मागं वळले आणि तिला गाठलंच.

"मावशी, तुमी काऊन माझ्या मागं फिरून राह्यल्या?"

तिनं टोपली खाली ठेवली. जरा घुटमळली. "आमाले वाटलं, तुमी जीव द्याले येता. नवरा इथी नाई. हात रिकामे. रोज पाण्याकडं पाहून राह्यल्या. मंग बायकांनी म्हटलं, कोणीतरी मागं राहा. मले पोहता येते, म्हून मी."

मी इतकी हसले की पाळीवरच बसले. मग तिला साखर, डॉक्टर, सुई, सगळं सांगितलं. तीही तोंडाला पदर लावून हसली. "साखरेसाठी चालते का कोणी!" म्हणत घरी गेली. दुपारपर्यंत सारं गाव हसत होतं.

दुसऱ्या दिवशी मागं कोणी नव्हतं. मी अर्ध्यातून परत आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. मग आज थंडी, उद्या शाळेची तपासणी, परवा नुसताच कंटाळा. बहिणीचा पाय डोळ्यांसमोर आणून पाहिला, स्वतःला शिव्या घालून पाहिल्या. माणूस कशानं उठतो आणि कशानं उठत नाही, याचं मला आश्चर्य वाटायचं, आणि आश्चर्य करत मी पडून राहायची.

आठवडाभरानं सकाळीच दार वाजलं. ती उभी होती. पाय चिखलानं भरलेले, चेहरा उतरलेला.

"बाई, बरं हाय ना?"

"बरं आहे मावशी. आळस, दुसरं काय?"

ती पायरीवर टेकली. "तुमी दिसल्या नाई, तवापासून मी रोज तलावाला चक्कर मारून राह्यली. कडेकडेनं. पाण्यात पाहून."

मला हसूच आलं. "अहो, पण मी तर सांगितलं होतं ना, तसं काही नाही म्हणून?"

"हाव," ती म्हणाली. "माह्या बहिणीनं बी असंच हसून सांगतलं होतं, काई नाई म्हणून."

मी चपला घातल्या. पाळीपर्यंत दोघी गेलो, आणि पाळीवर ती मागं राहिली नाही, बाजूनं चालली.

त्यानंतर बदली होईपर्यंत सहा वर्षं मी चालत होते. कधी गावाला जायचं असलं, ताप आला, किंवा उद्या उठवणार नाही असं वाटलं, तर आदल्या संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन सांगून यायची.