आमची वहिवाट माळाची

"सांग बाबा, तुझ्याच तोंडानं सांग. शाळेकडं कोणत्या वाटेनं येतोस?"

भर पंचायतीत अध्यक्षानं मला असं इचारलं. सारं गाव त्याला अण्णा म्हणतंय. वयानं माझ्या लेकाएवढा. तो खुर्चीत, मी उभा.

मी म्हणलो, "माळावरून."

सभा हसली. मागं दोघांनी टाळ्या दिल्या. अण्णा म्हणाला, "शाबास! म्हातारा खोटं बोलत न्हाई. लिवा मॅडम, माळावरून."

हसायलेत कामून, मला कळंना. मी खरं तेच सांगितलो. कळलं तवर लिहून झालं होतं.

गोष्ट अशी. बिदरकडं, भालकीच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या सरकारी शाळेत औंदा इंग्रजीचा वर्ग निघाला. जागा थोड्या, लेकरं लई. मग पंचायतीनं ठरवलं, शाळेपासून एका किलोमीटरच्या आतली लेकरं आधी घ्यायची. बाकीच्यांनी हायवेपल्याडच्या गावी जायचं. ऐकायला नीट वाटतंय. आमची बौद्धांची वस्ती काय लांब न्हाई. दारात उभं ऱ्हायलं की शाळेची घंटा ऐकू येती. मधी फक्त वरची गल्ली हाय, अण्णाच्या भावकीची. गल्ली सरली की शाळाच.

पण आमी गल्लीनं जात न्हाई. गावाला वळसा घालून माळावरून जातो, वढा उतरून. माझा बाप तसाच गेला, त्याच्या मागं मी. आता तिथं काठी घेऊन कुणी उभं न्हाई. कुणी नको बी म्हणत न्हाई. पायच तिकडं वळत न्हाईत.

मॅडम म्हणजे पंचायतीच्या सरकारी अधिकारी, नवीन, बेंगळूरकडच्या. त्यांनी फोनवर नकाशा बघितला आन् तोडक्या मराठीत म्हणाल्या, "हे वस्ती जवळ आहे. आत येते." त्यावर अण्णानं मला उभं केलं. आम्हा सगळ्यांत म्हातारा मी, म्हणून मलाच.

मॅडमनं पुन्हा इचारलं, "आजोबा, मग गल्लीतून का येत नाही?"

हसणं थांबलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक. मला बी.

अण्णाच बोलला, "ती गल्ली हाय मॅडम, रस्ता न्हाई. ह्या लोकांची वहिवाट माळाची."

झालं. माळावरून मोजलं की किलोमीटरच्या बाहेर. सारी वस्ती बाहेर. आमाला गल्लीत येऊ दिलं न्हाई ते यांनी, आन् लांब ऱ्हातो म्हणून शाळेतून काढलं ते बी यांनीच. मधी माझी जीभ वापरली.

माझी नात मितू माझ्याजवळ असती. लेक आन् सून कोळारला कारखान्यात, दोघांची दोन पाळ्यांत ड्यूटी. लेकराला तिथं बघायला कुणी न्हाई. इथं सोजर बघायची. सोजर म्हणजे माझी बायको. मागल्या पावसाळ्यात ती गेली. आता मितूला हायवे कोण ओलांडून देणार? मला लारी दिसती, पर ती किती जवळ आली ते कळत न्हाई. डोळे अधू झालेत. पोरगी घरी बसली तर माझ्यासारखीच ऱ्हाणार. मी तिसरीपस्तोर शिकलो. सही येती, अर्ज वाचाया लागलो की घाम येतो.

त्या सभेवरून आलो आन् जेवलो न्हाई. सोजरला मसणात नेलो तो दिवस डोळ्यांपुढं आला. आमी तिला बी माळावरूनच नेलो. वढ्याला पाणी, गुडघाभर चिखल. एकाचा पाय घसरला, तिरडी कलली, तिचा हात बाहेर आला. माझ्या लेकानं तो आत घेतला. त्या येळी गल्लीत फरशी होती. कोरडी. कुणाच्याच मनात आलं न्हाई, तिकडून जावं म्हणून. मेलेल्या बाईला बी आमी वळसा घालायला लावलो.

तवा काय तरी तुटलं माझ्यात.

लेकाला फोन केलो. तो म्हणाला, "बापू, जाऊ द्या. अण्णाशी वाकडं घेऊ नका. तुमी एकटे हाव तिथं."

एकटा हाय. म्हणूनच वाकडं घेणार.

सकाळी मितूला न्हाऊ घातलो. वेणी मला येत न्हाई, नुसती रिबन बांधलो. आन् गल्लीत शिरलो.

वट्यावर अण्णाचा चुलतभाऊ दात घाशीत बसलेला. थुंकून म्हणाला, "का रं, वाट चुकलास का?"

"न्हाई. नातीला शाळेत न्यायलोय."

"माळ काय वाहून गेला काय तुमचा?"

आतून बायका हसल्या. एक म्हातारी दाराशी आली आन् माझ्याकडं बघून दार ओढून घेतली. मी पुढं सटकायला बघत होतो, तर मितू एका वासराजवळ थांबली. "आजा, कुणाचं हाय?" तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. मला वाटलं, आता मारतेत. कुणी मारलं न्हाई. मी थांबलो. तिचं होऊ दिलो.

शाळेत हेडमास्तर म्हणाले, "अप्पा, नाव घेता येत न्हाई. मोजणी झाली."

"मग पुन्हा मोजा," म्हणलो.

"तुमीच तर सांगितलाव माळावरून."

"व्हय. सांगितलो. आता गल्लीनं आलोय."

नाव अजून घेतलं न्हाई. रोज नेतोय. मितू व्हरांड्यात बसती, मी खाली पायरीवर. काल कुणी तरी गल्लीच्या तोंडाला बाभळीचे काटे टाकले. उचलून बाजूला केलो, हातातून रक्त आलं. आमच्याच वस्तीतले म्हणायलेत, म्हाताऱ्या, तुझ्यापायी आमाला भोगावं लागंल. लागंल. मी न्हाई म्हणत न्हाई.

मॅडमला निरोप धाडलोय. टेप घेऊन माझ्या दाराशी या. मी पुढं चालतो, तुमी मागून मोजा. गल्लीत कुणी आडवं आलं तर मीटर लिवताव तसं त्याचं नाव बी लिवा.