ढाकलीचं सोंग

चहा घ्या आधी, मग सांगते. माझी फजिती ऐकताना माणसांच्या हातात कपबशी असलेली बरी. रिकाम्या हातांनी लोक टाळ्या पिटतात.

माझ्या थोरलीचं, शांतीचं लग्न होतं. आम्ही पोशीरचे, जावई खोपोलीचा, कारखान्यात कामाला. त्या काळात कारखान्यातला जावई म्हणजे काय विचारता! नुसतं भोंग्यावर उठतो म्हटलं तरी आमच्या बायका तोंडावर हात ठेवायच्या. तर असली सोयरीक जमलेली, हळदीचा दिवस, दारात मांडव, आणि मांडवात मी.

आता मांडवात मी कशाला, तर सोंगाला. मला अक्षर येत नाही एक, पण माणूस एकदा चालताना पाहिला की तो माझ्या अंगात शिरलाच म्हणून समजा. हळदीच्या दुपारी नवरीला हळद लावून झाली, की आमच्या बायका पुरुषांना मांडवाबाहेर काढायच्या आणि मग कुणीतरी म्हणायची, "गंगू, ऊठ गं." मी एकदा पदर खोचला की बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एक म्हातारी तर हसता हसता पाटावरून पडली होती. खोटं सांगत नाही, तिचा कोपर सुजला होता.

पण सोंग काढायचं कुणाचं? हसू नका, हा मोठा प्रश्न असतो. पाटलिणीचं काढायचं म्हटलं तर तिच्या बांधावरून आमच्या शेतात पाणी यायचं. विहीणबाईंचं काढायचं तर मला काय वेड लागलं होतं? पूर्वी मी वरच्या आळीतल्या सोनाबाईचं काढायची. मग त्या आळीनं बुद्धाचा धर्म घेतला. त्यानंतरच्या एका हळदीला मी तिचं सोंग घेऊन उठले, तर ती मांडवाबाहेरूनच म्हणाली, "गंगू, आता आमचं बंद. हसायचं तर तुमच्यातल्यांना हसा." आवाज चढवला नाही तिनं. पण मी गपकन खाली बसले ती त्या बाजूला परत कधी गेले नाही.

मग उरलं कोण? डोंगराखालच्या वाडीतल्या कातकरणी. त्या काय बोलणार? असं मी काही ठरवून केलं नव्हतं हो. पण जिकडून उलट उत्तर यायचं नाही, तिकडे माझे पाय आपोआप वळायचे.

त्यांच्यातली ढाकली माझी ठरलेली. पावसात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे आणायची, उन्हाळ्यात लाकडाची मोळी, आणि लग्नसराईत पत्रावळ्या. तुम्ही आजकाल कागदी थाळीत जेवता. तेव्हा पंगत बसायची ती कातकरणींनी रानातली पानं आणून, काडीनं टाचून केलेल्या पत्रावळ्यांवर. सगळ्या गावाची लग्नं त्यांच्या हातची. शांतीच्या लग्नाचं मी ढाकलीला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं आणि हळदीच्या दिवशी ती पत्रावळ्या आणणार होती.

त्याच दिवशी, त्याच दुपारी, मी तिचं सोंग काढलं.

डोक्यावर टोपली, एक खांदा वाकडा, कमरेला लुगडं वर खोचलेलं. "चिंबोऱ्या घ्येती का गं बाय?" बायका लोळायला लागल्या. मला चेव आला. मग मी माझा हुकमी भाग काढला. कंबर पार मोडली, हात पसरला, आवाज कण्हतकण्हत बारीक केला. "बाय गं, शिळीपाकी पेज असंल तर वाढ गं, वाईच वाढ गं." आणि पेज मिळाल्यावर बोटं चाटते, भांडं चाटते, मग भांडं धरलेला हातही चाटते. एवढा हशा झाला की हळद लागलेली नवरी पाटावर बसल्या जागी खुदखुदायला लागली.

आणि तेवढ्यात मला मांडवाच्या कडेला ढाकली दिसली.

डोक्यावर पत्रावळ्यांचा भारा. मागे दोन बायका, त्यांच्याही डोक्यावर भारे. मी हात चाटते आहे आणि ती बघते आहे. हसली नाही, रागावली नाही. भाऱ्यासकट वळली आणि गेली. तिच्यामागे त्या दोघीही गेल्या.

माझी जीभ बाहेरच राहिली.

"आता काय झालं?" शेजारीण म्हणाली, "पुढं कर की."

"झालं सोंग," मी म्हटलं आणि पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी खोपोलीची माणसं जेवायला येणार. पहिलीच पंगत. पाहुणा मांडी घालून बसला आणि त्याच्यापुढे पानच नाही, असं झालं असतं तर लग्न काही मोडलं नसतं, पण माझ्या शांतीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. तुझ्या आयेनं आमाला जमिनीवर वाढलं व्हतं गं! आणि कशापायी, तर आईला नकला करायची हौस.

थोड्या वेळानं हे आत आले. "पत्रावळ्या आल्या का?"

"येतायत."

"कवा?"

"येतील की."

परत आले. "अगं, ऊन कलायला लागलं. ढाकली दिसली का?"

आता खरं सांगायचं का? जिभेवर आलं होतं. पण जीभ माझी, ती दुसरंच बोलली. "पानं वाळली म्हणत व्हती. जमायचं नाय म्हणाली."

"वाळली? सगळीच?"

"ऊन किती हाय!"

झालं. ह्यांनी कपाळाला हात लावला. धाकट्या दिराला, पांडूभाऊजींना सायकलवर बसवून दहिवलीला पिटाळलं. तिथं कुणाच्या तरी परसात केळी होत्या. सासरे काठी टेकत घराघरातून पितळी ताटं गोळा करायला निघाले. आता म्हातारा माणूस दारात उभा राहून ताटं मागायला लागला, की लोक काय म्हणणार? पहिल्या घरी म्हणाले, पत्रावळ्या नाहीत. चौथ्या घरी म्हणाले, जेवणच नाही. आळीच्या टोकाला बातमी पोचेपर्यंत लग्न पुढे ढकललं गेलेलं होतं. माझी भावजय माहेराहून आलेली, ती रडत रडत आत आली. "वन्सं, पोरानं नाय म्हटलं का? मला आधी सांगायचं व्हतं."

"कुणी नाय म्हटलं?"

"मग ताटं कशाला परत करतायत?"

"परत नाय गं, आणतायत!"

मी तिला तिथंच सोडलं, मागच्या दारानं बाहेर पडले आणि वाडीची वाट धरली. चपला घालायचंही सुचलं नाही. वाटेत मनाशी बोलत होते. पाया पडेन म्हणाले. लुगडं देईन. नाही, लुगडं नको, शांतीच्या सासूचं द्यायचं राहील. पाया पडणं बरं, त्याला काही लागत नाही.

वाडी जवळ आली तर हसण्याचा आवाज. मला जरा बरं वाटलं. हसतायत म्हणजे राग गेला असेल. करवंदाच्या जाळीआड थांबले आणि डोकावले.

खोपटांच्या मधल्या जागेत बायका, म्हातारे, सगळे बसलेले. मध्ये ढाकली उभी. पदर मागून पुढे घेऊन घट्ट खोचलेला, हनुवटी वर, एक हात कमरेवर. समोर दगड मांडलेले. त्या चिंबोऱ्या. ती वाकून एकेक दगड दोन बोटांत उचलत होती आणि नाक मुरडत होती.

"ही मेलीय. ही मरायला टेकलीय. ही रिकामी हाय, आत काय नाय. हिचा पाय कुठं गेला? तू खाल्लास व्हय गं?"

लोकांचं हसून पोट दुखायला लागलं. मलाही आवरेना. काय करत होती हो! पाठ फिरवून चार पावलं जायची, मानेनंच मागं बघायची, आणि "बरं, दे मेली, आता तू आलीयस एवढी लांबनं तर," म्हणून परत यायची. मी जाळीत तोंड खुपसून हसत होते. म्हटलं, आमच्या गावात अशी कजाग बाई कोण बरं? पाटलीण असेल. हो, पाटलीणच!

मग ढाकलीनं तांब्या उचलल्यासारखं केलं. समोर एक पोरगी ओंजळ करून बसली. ढाकली पाटावर चढली. मग पाटावर चवड्यांवर उभी राहिली. मग हात आणखी वर. "घे, पी गं पी, तान लागली असंल," असं गोड आवाजात म्हणत तिनं पाणी ओतलं ते पोरीच्या नाकात, कानात, डोक्यावर. पोरगी ओरडली, "गंगूबाय, तोंड हितं हाय!"

गंगूबाय? म्हणजे मी?

मी अशी पाणी घालते? इतकं वरून? शिवाशीव नको म्हणून जरा उंचावरून घालायचे, सगळेच घालायचे तेव्हा. पण नाकात? कुणी सांगितलं नाही मला कधी. आणि कोण सांगणार होतं?

मला ठसका लागला. सगळ्या माना जाळीकडे वळल्या. आता लपून काय उपयोग? मी बाहेर आले. केसांत करवंदाचे काटे, पाय अनवाणी, अंगाला हळद. ढाकली अजून पाटावरच.

"ये गंगूबाय," ती म्हणाली. "चांगलं व्हतंय का? तू जाणती हायस, म्हणून इचारलं."

"चिंबोरीचं चांगलं झालं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तुझं पण चिंबोरीचं चांगलं झालं व्हतं. मी उभी राहून बघितलं. खांदा माझा असाच वाकडा हाय." ती पाटावरून उतरली. "पण पेजेचं कशापायी केलंस?"

मी केसांतला एक काटा ओढून काढला.

"माझा पोरगा तापानं पडला व्हता तवा. चार घरं फिरून तुझ्या दारात आले व्हते. तू पेज दिलीस, मी इसरले नाय. पण त्यात हसायासारखं काय व्हतं, ते मला दाखव. मी पण हसंन."

एवढी मोठी सोंगाडी मी, पण तिथं उभं राहून मला काही म्हणता काही दाखवता येईना. तिचा तो पोरगा खोपटाच्या दारात दोरी वळत बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत दोरी वळायला लागला. पाया पडायला आले होते तर गुडघे वाकेनात.

"नाय करणार परत," एवढंच आलं तोंडातून.

"बरं."

"ढाकले, पण पत्रावळ्या दे गं. शांतीचं काय चुकलंय? माझ्यावरच्या रागानं तिची पंगत अडवू नको."

ढाकली माझ्याकडे बघतच राहिली. मग बाकीच्यांकडे बघितलं. "पत्रावळ्या? त्या कवाच दिल्या की."

"कुठं दिल्या? तू भारे घेऊन माघारी गेलीस. मी बघितलं."

"माघारी कुठं? मागल्या दारी गेले. तुज्या पुढल्या दारी आमाला कवा घेतलंस? मांडवाच्या कडंनं वळसा घेतला, गोठ्यात माचावर ठेवल्या, वर वलं गोणपाट टाकलं. आवाज दिला, पण तुमी सगळ्या हसत व्हता."

सांगा आता. इतकी वर्षं मीच म्हणायची, ढाकले, मागनं ये. ती मागनं गेली, आणि मी तिची पाठ बघून सगळ्या गावाला धावायला लावलं. ढोरं लग्नापायी शेतात बांधलेली, गोठ्यात फिरकलं कोण?

मला तिथंच मटकन बसावंसं वाटलं, इतकं हलकं वाटलं. ढाकलीनं पाणी आणलं. मी ओंजळ पुढं केली तर म्हणाली, "धर तांब्या. मला वरनं घालायची सवय नाय."

घरी पळत आले. गोठ्यात गेले. गोणपाट उचललं, तर खाली हिरव्यागार, ताज्या पत्रावळ्या, रचून ठेवलेल्या. एक उचलून मी नाकाला लावली. आणि तेवढ्यात अंगणात पांडूभाऊजी सायकलवरून उतरले, मागे पुढे केळीची पानं, भाऊजी त्यांत दिसेनात. त्यांच्यामागून सासरे, डोक्यावर पितळी ताटांची चळत घेतलेली दोन माणसं घेऊन.

"सापडल्या," मी म्हणाले.

ह्यांनी गोठ्यात बघितलं, केळीच्या पानांकडे बघितलं, ताटांकडे बघितलं. "वाळल्या व्हत्या ना?"

"वल्या झाल्या."

चाळीस वर्षं संसार केला, पण तसं त्यांनी माझ्याकडे परत कधी बघितलं नाही.

लग्न थाटात झालं. खोपोलीकर म्हणाले, पोशीरची माणसं तालेवार, पंगतीला तीन प्रकारची पानं ठेवतात. ढाकलीला आणि तिच्या बायकांना मी स्वतः पुढून बोलावलं. दोन म्हाताऱ्यांनी तोंड वाकडं केलं, मी तिकडे बघितलंच नाही. जेवणं झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "तुमी सोंग काढता म्हणं? आमाला दाखवा की."

मी म्हटलं, "माज्यापेक्षा हिचं बघा." आणि ढाकलीला उभं केलं.

ती म्हणाली, "सगळं करू का?"

"पाण्याचं वगळ," मी हळूच म्हणाले.

"वगळते. तू सांगितलंस ना." आणि चिंबोरीचं सोंग तिनं असं काढलं की खोपोलीचं वऱ्हाड मांडवात आडवं झालं.

इथंच संपलं असतं तर बरं होतं. पुढे दोनेक वर्षांनी मी शांतीकडे खोपोलीला गेले होते. बाजारात चिंबोऱ्या दिसल्या. बसले. एक उचलली, उलटी केली, म्हटलं, "ही मेलीय." दुसरी उचलली. "ही आतनं रिकामी." उठून चार पावलं गेले, मान वळवून बघितलं, परत आले. बघते तर आजूबाजूच्या बायका थांबलेल्या, हसतायत. त्यांतली एक म्हातारी वऱ्हाडात आलेली होती. मला काही तिनं ओळखलं नाही. कौतुकानं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"बरं करता हो मावशी तुमी पण. पर पोशीरला एक ढाकली म्हणून बाई हाय, हे सोंग खरं तिचं. तिच्यासारखं तुमाला नाय जमत."